गोदी-नलूची पोथी

चार बायका दर रविवारी एकाच ओट्यावर बसू लागल्या की किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात, घरातल्या डब्यांच्या झाकणांसारखे. नंतर कोणतं झाकण कोणत्या डब्याचं ते आठवत नाही, पण टाकवतही नाही. मी त्यातली थोडी इथे काढून ठेवते आहे.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी कमला. तंजावूरला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत राहते. शिक्षण हायस्कूलपर्यंत, तेही तमिळमधून. घरात आम्ही मराठी बोलतो, पण ती तुमच्याहून बरीच जुनी आणि निम्मी तमिळ झालेली. इथे मी आमचं बोलणं थोडं सरळ करून लिहिते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही.

देवनागरी आमच्यात फारसं कुणाला वाचता येत नाही. मला येतं, कारण माझ्या अप्पांना म्हातारपणी दिसेनासं झालं आणि त्यांची पोथी रोज वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. त्या एका गुणावर मी आमच्या मंडळाची वाचक झाले. रविवारी जेवणं उरकली की तीन वाजता माझ्या घरापुढच्या ओट्यावर (आम्ही त्याला तिण्णै म्हणतो) सगळ्या जमतात. मी मोठ्यानं वाचते, बाकीच्या ऐकतात.

बाकीच्या म्हणजे तिघी. भामाअक्का, वय त्र्याहत्तर, मुलींच्या शाळेतून हेडमिस्ट्रेस म्हणून रिटायर झालेल्या. रुक्मिणी, ओरत्तनाडूच्या सरकारी ऑफिसात क्लार्क, रोज बसनं जाऊन-येऊन. आणि रुक्मिणीची निवी, दहावीतली. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर तमिळमध्ये येतं. मला ती मामी म्हणते, इकडे कुठल्याही मोठ्या बाईला म्हणतात तसं.

आणि पाचवं आमचं पुस्तक. सगळे किस्से त्याचेच आहेत.

* * *

पुण्याचे कुणी लांबचे नातेवाईक राजवाडा बघायला आले होते. दोन दिवस आमच्याकडे राहिले आणि जाताना कोपऱ्यात एक पुस्तक विसरून गेले. कव्हर नाही, पहिली काही पानं नाहीत. मी फोन केला तर म्हणाले, "आमचं नाही हो ते! ट्रेनमध्ये सीटवर सापडलं होतं."

म्हणून मी वाचायला घेतलं. पहिल्याच पानावर दोन मुली मिठागराच्या बांधावर बसून एकमेकींच्या पायांवरचं मीठ पुसत होत्या. एक गोदी, एक नलू. गोदी मिठागरावरच्या मजुराची, नलू गावच्या पोस्टमास्तरांची. वयं दहा-अकरा. मी भात चुलीवर ठेवून वाचत होते. भात करपला!

तेव्हापासून मी भेटेल त्या प्रत्येक बाईला सांगत सुटले, हे पुस्तक वाचा. लहान मुलींच्या मैत्रीवर मी असं काही वाचलं नाही. एका लग्नात मुंबईची एक वहिनी भेटली, तिलाही सांगितलं. तिनं लगेच मोबाइल काढला.

"नाव काय?"

"नाव फाटलंय."

"बरं, लेखक?"

"त्याच पानावर असणार. फाटलंय."

"अहो, मग मी शोधू कशी?"

"दोन मुलींचं आहे. विचारा कुणालाही."

तिनं मोबाइल परत पर्समध्ये ठेवला आणि फार मायेनं म्हणाली, "वहिनी, तुम्ही जेवून घ्या आधी."

* * *

वाचनाची शिस्त भामाअक्कांनी लावली. पस्तीस वर्षं शाळेत काढलेली बाई, ओट्यावर बसली तरी वर्गच भरणार.

वाचन सुरू करायच्या आधी त्या विचारतात, "गेल्या रविवारी काय झालं? कोण सांगेल? उभं राहून."

आणि सांगणारीनं खरंच उभं राहायचं! निवीचं ठीक आहे, पण रुक्मिणी पंचेचाळिशीची, ऑफिसात तिच्या हाताखाली दोन माणसं. तीही पदर सावरून उभी राहते आणि सांगते, "टीचर, गेल्या रविवारी नलूनं गोदीला अक्षरं शिकवली. ओल्या मिठावर बोटानं काढून."

वाचन संपलं की भामाअक्कांचा शेवटचा प्रश्न ठरलेला. "समजलं?"

आम्ही तिघींनी एका सुरात म्हणायचं, "समजलं, टीचर!"

एकदा मी म्हटलं, "अक्का, मीच वाचते, मला तरी सूट द्या."

तर म्हणाल्या, "वाचणाऱ्याला समजतंच असं नाही, कमळे. मी पस्तीस वर्षं वाचून दाखवलंय, मला विचार."

* * *

रुक्मिणीच्या सासूबाई नव्वदीच्या. ओट्यापर्यंत येणं त्यांना जमत नाही. त्यांनी निरोप पाठवला, "पुस्तक एक आठवडा आमच्याकडे ठेव." त्या घरात देवनागरी कुणालाच येत नाही. तरी मी दिलं.

पुढच्या रविवारी पुस्तक परत आलं ते लाल फडक्यात बांधून! उघडलं तर पहिल्या पानावर हळदकुंकू आणि आत वाळलेलं एक कण्हेरीचं फूल. नेमकं तिथे, जिथे गोदी आणि नलू शेजारच्या आवळ्यावर दगड मारतात.

मी घाबरून त्यांच्या घरी गेले. "आजी, ही पोथी नव्हे. ही गोष्ट आहे, दोन पोरींची."

आजींना ऐकू कमी येतं, पण हे नेमकं ऐकू आलं. म्हणाल्या, "कव्हर नाही, नाव नाही, कुणी लिहिलं माहीत नाही, आणि तुम्ही चौघी दर आठवड्याला बसून ऐकता. मग पोथी म्हणजे आणखी काय असतं?"



त्या पुढे म्हणाल्या, "सुरू केलीत ना? मग अर्धी सोडू नका. आणि आमच्या घरची रीत सांगून ठेवते. समाप्तीच्या दिवशी ज्याच्याशी बोलणं तुटलंय, त्याला आधी बोलवायचं. तो आला नाही तर पोथी पुरी झाली असं धरायचं नाही."

हे मी ओट्यावर सांगितलं तेव्हा सगळ्या हसल्या. भामाअक्का तर म्हणाल्या, "म्हणजे या गल्लीत आजवर एकही पोथी पुरी झालेली नाही!"

ते लाल फडकं मात्र आम्ही ठेवून घेतलं.

* * *

पुस्तकात पावसाळा आला की मिठागर बंद होतं. गोदीचे आईबाप चार महिने आपल्या गावी जातात, गोदीही जाते. नलू धक्क्यावर उभी राहते, आणि बोट दिसेनाशी झाल्यावर कळतं की तिच्या मुठीत गोदीच्या परकराची नाडी राहिली आहे. हा भाग मी वाचला त्या रविवारी कुणी कॉफी घेतली नाही.

सोमवारी रुक्मिणीनं तो भाग ओरत्तनाडूच्या बसमध्ये शेजारच्या बाईला तमिळमध्ये सांगितला. सांगता सांगता दोघी रडायला लागल्या. कंडक्टर तिकीट द्यायला आला तो थबकला. हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं, अम्मा?"

रुक्मिणी डोळे पुसत म्हणाली, "गोदी गेली."

"अय्यो! कशानं?"

"बोटीनं."

कंडक्टरनं क्षणभर विचार केला. मग म्हणाला, "बोटीनं गेली असेल तर येईल, अम्मा. रडू नका. बोट परत येतेच."

पुढच्या रविवारी मी वाचलं, गोदी परत आली. सोमवारी रुक्मिणीनं बसच्या पायरीवरूनच ओरडून सांगितलं, "आली हो गोदी!" आणि कंडक्टरनं अशी काही शिट्टी वाजवली म्हणे, की ड्रायव्हरनं घाबरून ब्रेक मारला.

* * *

निवीचं वेगळंच. वर्गातली यामिनी तिची जिवलग. यामिनीला मराठीचा एक शब्द येत नाही. निवी दर सोमवारी डबा खाताना तिला गोष्ट सांगते. पण एका रविवारी निवीनं मला न सांगता माझं वाचन फोनवर रेकॉर्ड केलं आणि जसंच्या तसं यामिनीला पाठवलं.

त्या दिवशीचं प्रकरण होतं गोदी आणि नलू मोठ्या होतात ते. दोघी एकाच दिवशी ठरवतात की आता धक्क्यावर बसायचं नाही, लोक बघतात. कुणी कुणाला कारण सांगत नाही. मला वाचताना मध्येच थांबावं लागलं होतं.

यामिनी सोमवारी शाळेत आली तिचे डोळे सुजलेले. निवी म्हणाली, "तुला कळलं काय त्यात?"

यामिनी म्हणाली, "काहीच नाही. पण तुझ्या मामी वाचता वाचता एकदा थांबल्या ना, तिथे कळलं."

निवीनं हे मला येऊन सांगितलं. मी भामाअक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या पोरीला सांग, सांभाळून ठेव म्हणावं निवीला." आणि थोड्या वेळानं, "निवीलाही तेच सांग."

तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं साधं बोलणं आहे.

* * *

आता तो रविवार. गोदीच्या शहरातल्या मावशीनं तिला पत्र लिहिलं आहे. इकडे ये, मी तुला शाळेत घालते. गोदीचा बाप तिचं लग्न ठरवतो आहे, म्हणून गोदी ते पत्र लपवायला नलूकडे देते. नलू ते तांदळाच्या डब्यात ठेवते. आणि चार दिवसांनी गोदीचा बाप दारात येऊन नुसतं विचारतो, "माझ्या पोरीचं काही आहे का तुझ्याकडे?" तेव्हा नलू जाते, डब्यात हात घालते आणि पत्र त्याच्या हातात देते.

मी इथवर वाचलं आणि भामाअक्का म्हणाल्या, "पुरे."

"अक्का, दोनच पानं राहिलीत या प्रकरणाची."

"पुरे म्हटलं ना!"

त्या उठल्या, चपला घातल्या आणि गेल्या. "समजलं?" विचारलं नाही. आम्ही तिघी तशाच बसून राहिलो. निवी म्हणाली, "मामी, क्लास सुटला का?"

* * *

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी डब्यात रसम घेऊन त्यांच्या घरी गेले. पुस्तक मी सुचवलं होतं, दोष माझा होता.

त्यांनी रसम ओट्यावर ठेवलं आणि मी न विचारताच बोलायला लागल्या.

त्यांच्याच गल्लीत अंबुजा म्हणून मुलगी होती. दोघी एका वर्गात, एका बाकावर. पावाडै, म्हणजे परकर, सुद्धा एकाच ताग्यातून शिवलेले. अंबुजाचे अप्पा तिला देवनागरी शिकवायचे, ती भामाला शिकवायला बघायची, भामाला कंटाळा. शाळा संपल्यावर दोघींनी टीचर ट्रेनिंगचा फॉर्म आणला. अंबुजाच्या घरी तिचं लग्न ठरत होतं. तिनं फॉर्म भरून, सही करून भामाच्या ट्रंकेत लपवायला दिला. शेवटच्या तारखेला दोघी मिळून तो देऊन येणार होत्या.

"तिची आई आली. मला विचारलं. मी ट्रंक उघडून फॉर्म दिला."

"तुम्ही लहान होतात, अक्का. घाबरलात."

"सगळे हेच म्हणतील म्हणून कुणाला सांगितलं नाही." त्यांचा आवाज वर्गात असतो तसाच होता. "तुझ्या पुस्तकातली नलू कागद देते आणि पुढच्या पानावर रडत असेल. गोष्टीत तिला रडवणारच. पण मी नाही गे रडले. वर्गात पहिली नेहमी ती यायची. मला वाटलं, बरं झालं."

अंबुजाचं महिन्याभरात लग्न झालं, तिरुवैयारुला. भामाअक्का टीचर झाल्या, मग हेडमिस्ट्रेस. तिरुवैयारु इथून बसनं अर्ध्या तासावर. पंचावन्न वर्षांत या गेल्या नाहीत, त्या आल्या नाहीत.

निघताना मी म्हटलं, "मी ते पुस्तक सुचवायलाच नको होतं."

"पुस्तकाला काही बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत मला कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं विचारलं."

* * *

आम्ही पुढे वाचलं नाही. अक्कांशिवाय वाचायचं नाही असं न ठरवताच ठरलं. पुस्तक लाल फडक्यात राहिलं.

हे सगळ्यात कठीण गेलं निवीला. यामिनी रोज विचारायची, पुढे काय? शेवटी निवीनं देवनागरी शिकायला घेतली! फोनवर बघून, वहीत गिरवून. दोन आठवड्यांनी माझ्याकडे आली, पुस्तक उघडलं, बोट ठेवून ठेवून चार ओळी वाचल्या. घाम फुटला होता पोरीला. मग तिनं पुस्तक मिटलं आणि तडक भामाअक्कांच्या घरी गेली. मी मागोमाग.

दारातच उभी राहून म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मराठीत, "टीचर, चूक नलूनं केली. शिक्षा आम्हाला का?"

मी तिचा हात धरून ओढायला लागले. भामाअक्कांनी मला थांबवलं. निवीकडे पाहिलं, जणू पेपर तपासताहेत.

"उभं राहून विचारलंस," त्या म्हणाल्या. "मार्क द्यायला हवेत." मग माझ्याकडे वळल्या. "रुक्मिणीच्या सासूची ती रीत काय होती, कमळे? समाप्तीची?"

मला रीत पाठ होती. त्यांनाही ती पाठ होती.

* * *

फोन मी केला. नंबर रुक्मिणीनं ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीतून मिळवला. भामाअक्का शेजारी स्टुलावर बसून भिंतीकडे बघत होत्या.

"अंबुजामामी, मी तंजावूरहून कमला बोलते. येत्या रविवारी आमच्याकडे पोथीची समाप्ती आहे. तुम्ही यावं."

"कोणती पोथी?"

"दोन मैत्रिणींची."

"अशी पोथी ऐकली नाही मी. वाचतं कोण?"

"मी."

"ऐकतं कोण?"

मी भामाअक्कांकडे पाहिलं. त्यांनी मानेनं हो म्हटलं. मी म्हटलं, "भामाअक्का."

पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं, तेवढा आवाज येत राहिला. मग फोन बंद झाला. येते म्हणाल्या नाहीत, येत नाही म्हणाल्या नाहीत.

* * *

रविवारी मी केसरी, म्हणजे तुमचा शिरा, केली होती. निवीनं ओट्यापुढे रांगोळीचा कोलम काढला होता. यामिनीही आली होती. रुक्मिणीच्या सासूबाईंना खुर्चीसकट उचलून आणलं होतं! भामाअक्का नेहमीच्या जागी, खांबाला टेकून. तीन वाजले. सव्वातीन झाले. आजी म्हणाल्या, "ज्याला बोलावलं तो आल्याशिवाय सुरू करायचं नाही."

साडेतीनला गल्लीच्या टोकाला एक बारीकशी बाई दिसली. सुती साडी, हातात कापडी पिशवी, उन्हासाठी डोक्यावर पदर. ती आमच्या ओट्यापाशी आली, कोलम चुकवून पायरी चढली आणि भामाअक्कांच्या समोरच्या टोकाला, दुसऱ्या खांबाला टेकून बसली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. निवीनं पाणी दिलं. तिनं प्यायलं आणि मला म्हणाली, "वाचा."

मी पत्राच्या प्रकरणापासून वाचायला घेतलं. शेवट काय होतो ते मी इथे सांगणार नाही. तुम्हाला कधी कव्हर नसलेलं, मिठागराच्या बांधापासून सुरू होणारं पुस्तक कुठे दिसलं तर घ्या आणि स्वतः वाचा. एवढंच सांगते, की शेवटून तिसऱ्या पानावर माझा आवाज गेला. थांबले, पाणी प्यायले, पुन्हा सुरू केलं. पुन्हा गेला. अक्षरं दिसेनात. रुक्मिणीला देवनागरी वाचता येत नाही, आजींना येत नाही, निवीला एकेका ओळीला पाच मिनिटं लागतात.

तेव्हा अंबुजामामींनी हात पुढे केला. मी पुस्तक दिलं.

त्यांनी पिशवीतून चष्मा काढला आणि उरलेली पानं वाचली. काय वाचन होतं ते! कुठे घाई नाही, कुठे गहिवर नाही. शब्द न् शब्द सुटा, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. निवी आणि यामिनी आपोआप ताठ बसल्या. मी आयुष्यात अशी टीचर पाहिली नाही.

शेवटची ओळ झाली. त्यांनी पुस्तक मिटलं, लाल फडक्यावर ठेवलं, चष्मा काढला. आमच्या ओट्याची रीत त्यांना कुणी सांगितलेली नव्हती. पण त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि शेवटी समोरच्या खांबाकडे बघून विचारलं,

"समजलं?"



भामाअक्कांचे गुडघे दुखतात. खाली बसल्या की उठायला दोघी लागतात. रुक्मिणी आणि मी धावलो, पण त्यांनी हातानंच नको म्हटलं. खांबाला धरून, एकेक पाय सावरत त्या एकट्या उठल्या. सरळ उभ्या राहिल्या. पदर नीट केला. हाताची घडी घातली.

"समजलं, टीचर."